धाकटीच्या पाळीचं पाणी

दक्षिणेकडच्या एका डोंगरउतारावर, फार वर्षांपूर्वी, दोन जावा शेजारी शेजारी द्राक्षबागा करत. थोरलीच्या वाट्याला आजेसासऱ्यांनी लावलेल्या म्हाताऱ्या वेली आल्या होत्या. खोडं मांडीएवढी, पण घड मोजकेच. धाकटीच्या वेली तरण्याताठ्या, घडांनी लगडलेल्या. तरी सणाला गावाला पाजायची लाल वाइन दरवर्षी थोरलीच्याच पिंपातली निवडत आणि वाढायची घागरही तिच्याच हातात देत. तेव्हा धाकटीचा नुसता जळफळाट होई.

थोरली खतही घरचंच करी. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर मातीत पुरायची, मग काढून पाण्यात तासभर घोळायची आणि चंद्र बघून शिंपडायची.

"चेटूक आहे ते, दुसरं काय!" धाकटी पाणवठ्यावर सांगे. पण तिनेही गुपचूप दोन शिंगं पुरून पाहिली होती.

एका वर्षी घडांना रंग चढत असताना थोरली तिच्याकडे आली.

"अगं, लेकीचे दिवस भरलेत. महिनाभर जाते. माझ्या बागेवर नजर ठेव. फक्त पाणी देऊ नकोस हो. आता पाणी पाजलं की मणी फुगतात, रस पांचट होतो."

"जा हो जाऊबाई, बिनघोर जा."

थोरली वळणाआड गेली आणि त्याच दुपारी, सगळे पडलेले असताना, धाकटीने पाटाचा बांध फोडला. पाटाचं पाणी दोन्ही बागांना आळीपाळीने मिळे; आपल्या पाळीचं पाणी तिने थोरलीच्या बागेत सोडलं. मग प्रत्येक पाळीला तेच. तिच्या स्वतःच्या वेलींची पानं मलूल झाली, पण तिकडे बघायला तिला सवड कुठे होती!

थोरली परतली तर मणी हे एवढाले.

"इतके कसे गं फुगले?"

"कुणास ठाऊक! खाली झरा असेल एखादा."

घड खुडले, वाइन पिंपात मुरली आणि सण आला. गावच्या जाणत्यांनी थोरलीची वाइन तोंडात घेतली आणि एकमेकांकडे पाहिलं. मग धाकटीची चाखली. दाट, गडद, जिभेवर रेंगाळणारी.

"यंदा घागर धाकटीच्या हातात द्या," ते म्हणाले.

किती वर्षं ती या घागरीसाठी झुरली होती! थोरली शेजारी येऊन म्हणाली, "छान केलीस गं. माझ्या वेली आता दमल्या. उद्या उपटूनच टाकते."

उद्यापासून धाकटीच्या पुढे कुणीच उरणार नव्हतं. हेच तर हवं होतं तिला. पण पहिला पेला भरता भरता तिने घागर खाली ठेवली.

"नका उपटू, जाऊबाई. पाणी मी सोडलं. माझ्या पाळीचं."

थोरली तिच्याकडे वळली.

"म्हणजे तुझ्या वेली महिनाभर कोरड्या होत्या?"

"हो."

"म्हणून तुझा रस दाट उतरला. पाच वर्षं तुला हेच सांगतेय, पाणी आखड म्हणून. तुला वाटायचं, मी तुझी बाग वाळवायला निघालेय."

धाकटीने घागर उचलून तिच्यापुढे धरली.

"वाइन चांगली झालीय. वाढ सगळ्यांना," थोरली म्हणाली. "पण माझ्या बागेची राखण तुला पुन्हा सांगायची नाही."

आणि तिने आपला पेला न भरताच पालथा घातला.

तात्पर्य: ज्याचा आपण मत्सर करतो, त्याने आपल्या भल्यासाठी सांगितलेलंही आपल्याला वैऱ्याचं बोलणं वाटतं.