बयजाक्का आणि कारळखिंडीची कुत्री

फार वर्षांपूर्वी, जेव्हा डोंगरात माणसांपेक्षा लांडगे जास्त होते, तेव्हा कारळखिंड नावाच्या धनगरवाडीत बयजाक्का राहत होती. नवरा वारलेला, एक लेक पदरात, तिचं नाव म्हाळसा. आणि गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यात चार मेंढरं नि एक कुत्री होती, एवढाच तिचा संसार.

कारळखिंडीची कुत्री तेव्हा सगळ्या मुलखात बदनाम होती. त्याला कारण होती गावाचीच एक रीत. पिल्लानं डोळे उघडले की ते बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायचं. त्याला माणूस दिसू द्यायचा नाही, भाकरीत ठेचलेली मिरची कालवून द्यायची. "माणसाळलं कुत्रं म्हणजे बिघडलं कुत्रं," असं जुनी माणसं सांगत. लांडग्याला भिडायचं तर कुत्रं तिखटच हवं, अशी सगळ्यांची समजूत.

पण तिखट कुत्र्याला लांडगा कोण आणि पाहुणा कोण, हे कोण सांगणार? नेमाजी कासार बांगड्या भरायला गावात आला, तर एका कुत्र्यानं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. त्या दिवसापासून कासारानं गावची वाट सोडली. आता कासार नाही तर नवरीचा चुडा कोण भरणार? दुसऱ्या गावाच्या वेशीत बसून चुडा भरायची वेळ कारळखिंडीच्या लेकींवर आली. लोक हसायला लागले.

त्यातच म्हाळसाची सोयरीक ठरली. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, "कुत्र्यांच्या गावात वरात आणायची न्हाय आम्हाला."

पाटलानं गाव गोळा केलं. म्हणाला, "पुढच्या माघात लगीन हाय. त्याच्या आत गावातली झाडून सगळी कुत्री मारायची. गावाची अब्रू मोठी."

बयजाक्का उठून उभी राहिली. "आणि मेंढरं कोण राखंल, पाटील? तुमी बसणार व्हय वाड्यावर भुंकत?"

माणसं फिस्सकन हसली. पाटील लाल झाला. "मग तूच सांग, शाणी!"

"माझ्या कुत्रीला पिल्लू झालंय. माघापत्तुर ते माझ्या हाती राहू द्या. कासाराच्या पुढ्यात त्यानं दात दावला, तर पहिला दगड मीच घालीन त्याच्या डोक्यात. न्हाय दावला, तर एकाही कुत्र्याला हात लावायचा न्हाय."

बोलून गेली खरी, पण घरी येऊन तिनं ते पिल्लू पोटाशी धरलं, ते रात्रभर खाली ठेवलं नाही. अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते, म्हणून नाव ठेवलं कवड्या.

तिनं डालगं चुलीत घातलं. मिरची बंद केली. आणि कवड्याला कडेवर घेऊन ती दारोदार फिरू लागली. प्रत्येक घरी सांगायची, "उघड्या तळव्यावर भाकरीचा तुकडा धरा. चारी पाय भुईला टेकून बसला तरच द्या. अंगावर उडी मारली तर तोंड फिरवा, बोलू नगासा."

कवड्या खेळता खेळता बोट चावायचा. सगळे म्हणाले, "हाण की त्याला!" बयजाक्कानं कधी हात उगारला नाही. दात लागला की ती "आई गं!" म्हणून खेळ मोडायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. पिल्लू कुंईकुंई करत तिच्याभोवती घुटमळायचं. असं म्हणतात, की शेवटी ते चावायच्या आधीच स्वतःचं तोंड मिटून घ्यायचं.

एकदा पाटलाचा मेहुणा दगडोबा भाकरी वर धरून त्याला नाचवत होता. कवड्यानं झडप घातली आणि दगडोबाचं बोट रक्ताळलं.

"बगा, बगा! हेच तुमचं शिकलेलं कुत्रं!" दगडोबा ओरडला.

बयजाक्कानं फडक्यानं त्याचं बोट बांधलं. मग म्हणाली, "बस खाली, दाजी. त्याची शिकवणी झालीया, तुझी राहिली." आणि पाटलाच्या मेहुण्याला मातीत बसवून, तळवा कसा उघडा धरायचा ते तिनं चारचौघांत शिकवलं.

माघ उजाडला, तोवर कवड्या चांगला थोराड झाला होता. बयजाक्काच्या निरोपावरून आलेला नेमाजी कासार वेशीपाशी थबकला. बयजाक्का पुढं झाली, "या कासारमामा. मी तुमच्या शेजारी बसते."

पाटलाच्या अंगणात बांगड्यांचे ढीग मांडले. हिरव्या काचेवर ऊन चमकत होतं. लांडगा दिवसाढवळ्या कशाला येतोय, म्हणून वाड्यावरची माणसंही चुडा बघायला आली होती. बाकीची कुत्री बांधून कवड्याला मोकळं सोडलं. नेमाजीनं व्रणाचा हात पुढं केला, तळवा उघडा. कवड्यानं तो हुंगला आणि शांत बसला.

"शेळी झालीया त्याची," दगडोबा पुटपुटला. "लांडग्यापुढंबी असंच बसंल."

तेवढ्यात वाड्याकडून मेंढरांचा कालवा उठला. कवड्याचे कान ताठ झाले. असं म्हणतात, की तो त्या काचेच्या ढिगांवरून असा गेला, की एक बांगडी किणकिणलीसुद्धा नाही. काठ्या घेऊन माणसं त्याच्यामागं धावली. ती निम्म्या वाटेवर पोचली, तोवर डोंगर एका गुरगुरण्यानं भरून गेला होता. जुनी माणसं सांगतात, लांडगे तीन होते. कुणी सांगतात सात. पण त्या दिवसानंतर लांडग्यांनी ती खिंड सोडली ती सोडलीच.

मग कवड्या परत आला. तोंड रक्तानं माखलेलं, आणि दातांत एक कोकरू. अंगणात बायका किंचाळून भिंतीला चिकटल्या. तो सरळ कासाराच्या दिशेनं चालत आला. चुडा भरायला घेतलेला म्हाळसाचा हात हातात तसाच धरून नेमाजी जागचा हलला नाही. कवड्यानं कोकरू बयजाक्काच्या ओटीत ठेवलं. तिनं त्याची लोकर चाचपून पाहिली, सगळीकडून पाहिली. कुठंही दात लागला नव्हता.

पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. "बयजे," तो म्हणाला, "ह्याची पोरं झाली की एक मला द्यायचं. न्हायतर दुसऱ्या कुणाला कबूल करशील!"

"देईन की," बयजाक्का म्हणाली. "पर आधी तुमाला शिकवीन."

म्हाळसाची वरात वाजतगाजत कारळखिंडीत आली.

बयजाक्का जाऊन किती काळ लोटला, कुणाला सांगता येत नाही. पण कारळखिंडीत आजही पिल्लाचे डोळे उघडले की त्याला कडेवर घेऊन सगळ्या घरांतून फिरवतात. त्याला 'बयजाचा फेरा' म्हणतात. आणि या गावात नवी सून दाराशी येते, तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडण्याआधी ती खाली बसते आणि उघडा तळवा पुढं धरते. घरचं कुत्रं येऊन तो हुंगतं. मग सासू म्हणते, "चल बाई आत, बयजाक्कानं तुला वळखलं."