दस्तगीरचा आकडा

"मेलेल्या माणसाचं भरलेलं जीएसटी रिटर्न मागे घेता येतं का, अण्णा?"

"येत नाही," चौगुले अण्णा म्हणाले. "जिवंताचंही येत नाही. कुणाचं भरलंस?"

प्रीतम मगदूमने मान खाली घातली. ही मान सहसा खाली जाणारी नव्हती. जयसिंगपुरात करसल्लागार पुष्कळ, पण 'आमच्याकडे तारीख चुकत नाही' अशी पाटी दारावर लावायची छाती एकट्या प्रीतमची. काम तो अण्णांच्याच हाताखाली शिकला होता. अण्णांच्या दोन पावलं पुढे गेलो, असं चारचौघांत सांगायला मात्र आपलं आपणच शिकला होता.

"दस्तगीर शिकलगारचं," तो म्हणाला.

चष्मा पुसणारा अण्णांचा हात थांबला. दस्तगीर ऊसतोडीचे कोयते घडवायचा. एकटा जीव, बायको केव्हाच गेलेली. अण्णांचा जुना क्लायंट. अण्णा थकले तेव्हा बाकीच्या कामांबरोबर तोही प्रीतमकडे आला.

"कधी गेला?"

"पावसाळ्यात. मिरजेला, दवाखान्यात. कावीळ अंगावर काढली म्हणे. जवळ कुणी नव्हतं. मातीसुद्धा परक्यांनीच दिली."

"आणि रिटर्न?"

"गेल्या महिन्यापर्यंत भरलंय. निरंक... वेळेवर."

शेवटचा शब्द सवयीने तोंडून गेला आणि गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"आकडा कुणी दिला?" अण्णांनी विचारलं.

रिटर्न भरताना मोबाईलवर जो ओटीपी येतो, त्याला अण्णा आकडा म्हणत. अण्णा काम बघायचे तेव्हा तो धंद्याच्या मालकाच्याच फोनवर जायचा. मग दर महिन्याला एकेकाला फोन लावा. मालकाने मशीन बंद करायचं, चष्मा शोधायचा, अडखळत एकेक अंक वाचायचा. दस्तगीर तर आधी भट्टी, गुडघे आणि शेजारच्याची म्हैस यांची हालहवाल सांगायचा आणि मग आकडा. शेवटच्या दिवशी अण्णांचा जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि ह्याची म्हैस काही संपायची नाही.

प्रीतमने धंदा हाती घेतल्याबरोबर हे लचांड मिटवलं. सगळ्यांच्या नोंदणीवर स्वतःचाच नंबर घातला. आकडे त्याच्या फोनवर येऊ लागले. तारखा चुकायच्या बंद झाल्या.

"मीच दिला," प्रीतम म्हणाला. "सगळेच करतात असं, अण्णा. ऊस संपला की त्याला काम नसायचंच. बिलं विचारायला फोन केला तर उचलला नाही, म्हणून विक्री शून्य दाखवून निरंक भरून टाकलं. नाहीतर दंड बसला असता त्याला."

"बसला असता."

"मग माझं चुकलं काय?"

अण्णा पुन्हा चष्मा पुसू लागले.

आतून सुनेने हाक मारली, "अण्णा, ताट वाढलंय. दिवस मावळायला आला."

जैनाचं घर. सूर्य बुडाला की अन्नाला हात लागायचा नाही.

"आज माझं राहू दे," अण्णांनी आत सांगितलं. मग प्रीतमकडे वळून म्हणाले, "अजून काय हाय? एवढ्यासाठी तू आला नाहीस."

प्रीतमने दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावरच्या बाकावर एक वयस्कर बाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

"त्याची बहीण. मेहरुनबी. विजापूरहून आलीय. नोंदणी बंद करायचीय तिला."

"कर की."

"पावसाळ्यात तिनं मला फोन केला होता, अण्णा." प्रीतम म्हणाला. "'साहेब, आमचा दस्तू फोन उचलंना झालाय, बरा हाय न्हवं? मी येऊ का बघायला?' म्हणाली. मी स्क्रीनवर बघितलं. रिटर्न भरलेलं दिसलं. म्हटलं, सगळं व्यवस्थित चालू आहे ताई, कशाला एवढ्या लांब येता..."

"तवा जिवंत होता का तो?"

"होता... दवाखान्यात होता."

आतली ताटं उचलल्याचा आवाज झाला.

"वाट बघून बघून शेवटी परवा आली," प्रीतम म्हणाला. "कुलूप दिसलं म्हणून शोधत मिरजेला गेली. तिथं कळलं. आता सारखं एकच विचारते. 'तुम्ही बोलला होता ना दस्तूशी? काय म्हणाला तो?' माझ्या अंगावर काटा येतो, अण्णा. तुम्ही सांगा तिला काहीतरी. तुमचं ऐकेल ती."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"लॅपटॉप उघड. बंद करायचा अर्ज भर."

प्रीतमचा जीव भांड्यात पडला. काम सांगितलं की तो सावरायचा. त्याची बोटं भराभर चालू लागली. नाव, पत्ता, कारण... कारणाच्या रकान्यात मालकाचा मृत्यू. झालं. आता शेवटचं एक बटण.

"आकडा मागव," अण्णा म्हणाले.

त्याने बटण दाबलं.

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

"कुणाला आला?"

"मला."

"वर नाव कुणाचं हाय?"

"दस्तगीर बाबालाल शिकलगार."

"वाच आकडा. मोठ्यानं. त्यो वाचायचा तसा."

प्रीतमने फोन बाहेर काढला. पहिला अंक कसाबसा उमटला. दुसऱ्यापाशी तो अडला. त्याला एकदम दस्तगीरचा शेवटचा फोन आठवला. "मालक, ह्या महिन्यात आकडा आला न्हाई, माझं काय चुकलं का?" असं तो विचारत होता, आणि आपण म्हणालो होतो, "आता तुम्हाला काही बघायची गरज नाही, काका." म्हातारा तरीही थोडा वेळ फोन धरून होता. फोन आपणच ठेवला.

प्रीतम हमसून हमसून रडू लागला. बाहेर बाकावरच्या बाईने मान वर करून आत पाहिलं.

आकड्याची मुदत संपली. अर्ज तसाच राहिला. अण्णांनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला.

"मी काय सांगू तिला, अण्णा?"

"जा," अण्णा म्हणाले. "इतके महिने दस्तगीरच्या नावानं आकडा तूच दिलास. बाहेर तुझी बहीण बसलीय."