तरसवाडीचा मायाप्पा मेटकरी

आता जे सांगतो, ते डोळ्यांनी बघितलेलं कुणी उरलेलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी पोरांना सांगितलं, पोरांनी नातवंडांना, आणि तसंच चालत चालत ते माझ्यापर्यंत आलं. तेव्हा मुलूख गोऱ्या साहेबाचा होता आणि मधेमधे राजांची संस्थानं होती. त्या काळी माणदेशातल्या तरसवाडीत धुळा मेटकरी नावाच्या धनगराच्या पोटी मायाप्पा जन्मला.

मायाप्पा चालायला शिकलाच नाही, एकदम पळायलाच लागला, असं म्हणतात. मेंढरांमागं माळ तुडवताना तो दगड भिरकवायचा, आणि तो दगड इतका लांब जायचा की पडल्याचा आवाज माघारी येत नसे. पोरगा डोक्यानंही तल्लख होता. शहरात गरिबाच्या पोरांसाठी वसतिगृह निघालं होतं. शाळेच्या मास्तरांनी धुळाला गळ घातली, तेव्हा धुळा त्याला घेऊन पायी शहरात गेला. दारात सोडताना एवढंच म्हणाला, "शिक भरपूर. पर बोलावलं की ये."

मायाप्पा शिकला. शाळा झाली, कॉलेज लागलं, आणि कॉलेजात त्यानं पहिल्यांदा फुटबॉल बघितला. त्याला बूट दिले, ते त्यानं झाडाखाली काढून ठेवले. अनवाणी पायानं तो असा खेळायचा की समोरच्यांना फक्त धूळ दिसायची. एकदा छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी सामना झाला. मायाप्पानं लाथ मारली आणि चेंडू इतका वर गेला की एक घार त्याच्याभोवती फेरी मारून आली. गोऱ्यांचा गोलरक्षक वर बघत राहिला, आणि चेंडू उतरला तो त्याच्या पाठीमागं, जाळीत. असं म्हणतात.

शामियान्यात शेजारच्या संस्थानचे सरकार बसले होते. त्यांना क्रिकेटचा भारी नाद. त्यांनी मायाप्पाला बोलावलं, क्रिकेटचा चेंडू हातात दिला आणि लांबची एक काठी दाखवली. मायाप्पानं काठी मोडली. दुसरी रोवली, तीही मोडली. सरकार उठून उभे राहिले.

"हा हात आजपासून आमचा," ते म्हणाले.

कॉलेज तिथंच सुटलं. मायाप्पा सरकारचा पगारी गोलंदाज झाला. रेशमी पटका मिळाला, राहायला खोली मिळाली. पण त्यानं स्वतःहून मागितलं ते एकच. त्या सालापासून पाऊस रुसला होता, माळावर गवताची काडी उरली नव्हती. तो म्हणाला, "माझ्या गावची मेंढरं सरकारच्या कुरणात चरू द्या." सरकारनं मान हलवली. तरसवाडीची मेंढरं त्या हातावर जगली. दुसऱ्या गावांत मेंढरांचे सापळे पडले होते, आणि तरसवाडीत कोकरं दूध पीत होती.

मायाप्पाचा चेंडू फलंदाजाला दिसत नसे, नुसता ऐकू येई, असं म्हणतात. त्याच्या चेंडूनं फुटलेल्या दांड्यांच्या ढलप्या लोक घरी नेत आणि पाळण्याला बांधत.

मग एक दिवस ऐन सामन्याच्या सकाळी त्याचा चुलतभाऊ सोनबा मैदानाच्या दारात उभा राहिला. अंगावर धूळ, ओठ फुटलेले.

"मायाप्पा, चल. तात्याचं काय खरं न्हाई. डोळं तुझ्या वाटंला लागल्यात."

मायाप्पा पटका हातात घेऊन सरकारच्या कारभाऱ्याकडं गेला, सोनबा त्याच्या मागोमाग. कारभारी पान लावत होता.

"बाप शेवटच्या घटका मोजतोय. मला जाऊ द्या."

"सामना झाला की जा."

"तोवर तो राहायचा नाही."

कारभाऱ्यानं वर बघितलंसुद्धा नाही. "तुमची मेंढरं कुठल्या कुरणात चरतात, मायाप्पा?"

मायाप्पानं हातातला पटका डोक्याला बांधला. मग तो सोनबाला म्हणाला, "तू हो म्होरं. तात्याला सांग, आलोच."

त्या दिवशी त्यानं टाकलं तसं कुणी कधी टाकलं नाही. चेंडूतून धूर निघत होता, गवत करपत होतं, असं म्हणतात. उन्हं कलली तरी तो थांबेना. शेवटचा चेंडू त्यानं टाकला तेव्हा वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. लोकांना वाटलं दांडी मोडली. दांडी मोडलीच होती. पण त्याचा खांदाही मोडला होता. लोक त्याला उचलून नाचवायला धावले, आणि तो त्यांच्या मधून वाट काढत गावाकडं पळत सुटला, उजवा हात लोंबत.

तो पोचला तेव्हा घर सारवून झालं होतं. धुळाला लोकांनी नेलं होतं, मडकं चुलत्यानं धरलं होतं. आई कोंडाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, पदर सावरला आणि विचारलं, "कोण पायजे तुमास्नी?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढं सरकारचा माणूस घोड्यावरून आला. त्यानं मायाप्पाला हात वर करायला सांगितलं. हात छातीच्या वर गेला नाही. माणसानं घोडा बांधलासुद्धा नाही, तसाच वळला. पंधरवड्यात कुरण बंद झालं. मेंढरं पटापट मेली, आणि ज्या गावानं त्याच्या नावानं आरत्या ओवाळल्या होत्या ते गाव त्याला बघून तोंड फिरवू लागलं. कुणी म्हणे बापाला मुकला त्याचा शाप, कुणी म्हणे गर्वाचं घर. मायाप्पानं कुणाला काही सांगितलं नाही. कारभारी काय बोलला होता हे फक्त सोनबाला माहीत होतं, आणि सोनबा भित्रा होता. तो गप्प राहिला.

मग मानमोडीचा ताप आला. सकाळी मान दुखायची, संध्याकाळी माणूस जायचं. धडधाकट होते ते घरं सोडून ओढ्यापलीकडं पालं टाकून राहिले. तापानं फणफणलेली माणसं गावातच राहिली. आणि त्यांच्याजवळ मायाप्पा राहिला. तो त्यांना पाणी पाजायचा. माणूस गेलं की डाव्या खांद्यावर घ्यायचा आणि माळावर न्यायचा. सरणाला लाकूड उरलं नव्हतं. एका हातानं कुदळ चालवून तो खड्डे खणायचा. ज्यांनी तोंडं फिरवली होती त्यांनाही त्यानंच नेलं. ज्या चुलत्यानं मडकं धरलं होतं त्यालाही.

सोनबा ओढ्याच्या पलीकडून ओरडला, "मायाप्पा, इकडं ये! मरशील तिथं!"

"बापाला न्हवतो मी," मायाप्पा म्हणाला. "ह्यास्नी हाय."

शेवटी ताप कोंडाबाईला आला. मायाप्पा उशाशी बसला. तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याला हाक मारावी तशी हाक मारली, "अवं, मेंढरं आली का?"

"आली," तो म्हणाला.

"आन पोरगं?"

मायाप्पानं पाण्याची वाटी तिच्या ओठाला लावली. ती वाट बघत बघतच गेली.

तिला ठेवून आल्यावर त्यानं आणखी एक खड्डा खणायला घेतला. पालांतल्या लोकांना कुदळीचा आवाज ऐकू येत होता. रोज येत होता, त्यामुळं त्याची सवय झाली होती. मग तो थांबला. थांबला तेव्हा पालांतल्या प्रत्येकाला कळलं. आया पोरांना जवळ ओढून बसल्या, बाप्ये जमिनीकडं बघत राहिले. जायला पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. कुणी उठलं नाही. सोनबाही उठला नाही.

ताप ओसरल्यावर लोक माळावर गेले. कुदळ उभी रोवलेली होती. काठावर त्याचं मुंडासं घडी करून ठेवलेलं होतं. त्यालाही ताप चढला असणार. तो आपल्या पायांनी खड्ड्यात उतरला आणि निजला. माती लोटायला माणूस नव्हता म्हणून रात्रंदिवस वारा सुटला आणि त्यानं ती लोटली, असं म्हणतात. मग सोनबानं कुरणाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. ऐकून लोक तिथंच खाली बसले. पण आता सांगून काय उपयोग होता.

तेव्हापासून तरसवाडीत मयत कुणाचंही असो, पाटलाचं असो नाहीतर परमुलखातल्या वाटसरूचं, लोक आधी माळावर मायाप्पाजवळ जातात. मूठमाती पहिली त्याला देतात, मग आपल्या माणसाला. "मायाप्पा, आलो रं," एवढंच म्हणतात. माफी मागत नाहीत. ती मागायची वेळ गेली, असं जुनी माणसं सांगतात. इतक्या पिढ्या मुठी पडल्या, एव्हाना तिथं टेकडी व्हायला हवी होती. पण माळावर वारा फार. टाकलेली माती सकाळपर्यंत उडून जाते, आणि ती जागा आजही सपाट आहे.