हातांवर बसणाऱ्या बाई

“पण बाई, ती स्वतःहून करणार तरी कधी?”

झांबरेबाई समोर टेबलावर टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर केतकीने काढलेला व्हिडिओ बघत होत्या.

केतकी भिरूडचा जीव टांगणीला लागला होता. विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं म्हणून तिने पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घरबसल्या, ऑनलाइन प्रवेश घेतला होता. पेपर उत्तम गेले. व्याख्यानं ती दुप्पट वेगाने ऐकायची आणि एका दुपारी तीन विषय उरकायची. साध्या वेगात बोलणारी माणसं तिला आताशा झोपेत बोलल्यासारखी वाटत.

घोडं अडलं ते शेवटच्या पाठावर. एका मुलाने एक काम कोणाच्याही मदतीशिवाय केलेलं व्हिडिओत दिसायला हवं होतं. तो पाठवायचा उद्या शेवटचा दिवस. झांबरेबाई तिच्या मार्गदर्शक, त्यांनी होकार दिल्याशिवाय तो पाठवता येणार नव्हता, आणि नाही पाठवला तर वर्ष पाण्यात.

काम तरी काय, सँडलचा पट्टा बकलात घालायचा. मूल म्हणजे झांबरेबाईंच्या वर्गातली पूर्वा. बोलत नसे. आत्ताही ती सतरंजीवर, सँडल पुढ्यात घेऊन, भिंतीवर हलणारं ऊन बघत बसली होती.

बाई मात्र त्यांच्या वेताच्या खुर्चीत नेहमीसारख्या बसल्या होत्या. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. वर्गात त्या कायम अशाच बसत. थंडी नाही, वारा नाही... केतकीला वाटायचं, सांधे धरत असतील.

व्हिडिओ संपला.

“मधलं काही कापलंयस?”

“काही नव्हतं हो तिथे. नुसती बसून होती. ते काढून टाकलं.”

“आणि पट्ट्याजवळ ते बोट कोणाचं?”

केतकीने आपला रंगवलेल्या नखाचा अंगठा मुठीत लपवला. “बाई, अगदी शेवटी जरासा हात लावला. तेवढ्याने काय होतंय? ती करतच होती...”

“तू या कामात का आलीस गं?”

केतकीने तोंड उघडलं.

“नोकरी लवकर लागते म्हणून,” बाईच म्हणाल्या.

“नाही, मी...”

“मग घरून होतंय, बाहेर पडावं लागत नाही, म्हणून.”

“तसं नाही बाई, मला...”

“मुलांची दया येते. येते ना? छान. झालं तर मग.”

“अहो, मला बोलू तरी द्याल का!”

आवाज एवढा चढला की तिची तिलाच लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं. भिंतीकडे बघणाऱ्या पूर्वाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“बोल,” बाई म्हणाल्या.

आणि गप्प झाल्या.

केतकीने सुरुवात केली, थांबली. पुन्हा केली. परीक्षेत लिहिलेलं उत्तर तोंडपाठ होतं, पण ते काही ओठांवर येईना. बाहेर कोणीतरी बादली घासत होतं. बाई एक शब्द सुचवतील तर बरं, असं तिला झालं... बाई बघत होत्या, एवढंच. घाई नाही, हूं नाही, मान डोलावणं नाही.

“माझा धाकटा मामा...” केतकी म्हणाली.

...

“त्याला बोलायला वेळ लागायचा. जेवताना तो काहीतरी सांगायला लागायचा आणि आम्ही सगळे... आम्ही त्याचं वाक्य पुरं करून टाकायचो. हसायचो. मग त्याने... बोलणंच सोडलं.”

हे ती कुणाला कधी बोललीच नव्हती. रडू आवरायला तिला बराच वेळ लागला. तेवढा वेळ बाईंनी दिला.

सतरंजीवर टक् असा बारीक आवाज झाला.

दोघींनी खाली पाहिलं. पूर्वाच्या पायात सँडल होती. पट्टा बकलात गेलेला, टोक घट्ट ओढलेलं. फक्त डाव्या पायाची सँडल उजव्या पायात होती.

“बाई! केलं तिने! एकटीने केलं! अगं बाई... रेकॉर्डिंग चालूच नव्हतं.” केतकी उठलीच. “थांब हं पूर्वा, काढू या ती. या पायाची नाही राणी, आपण परत...”

तिचा हात बकलाजवळ पोचला होता.

“केतकी.”

हात तिथेच राहिला. पूर्वाने तो पाहिला आणि आपला पाय जवळ ओढून घेतला.

उद्याची तारीख, वर्ष, वडिलांना काय सांगायचं, सगळं एकदम केतकीच्या डोक्यात गरगरलं. बोटं तर शिवशिवत होती, एवढंसं तर काढायचं होतं...

ती मागे सरकली. सतरंजीवर बसली. मग दोन्ही तळवे हळूच मांड्यांखाली घातले.

पूर्वाने दुसरी सँडल उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. पुन्हा ऊन बघू लागली.

बाहेर बादलीचा आवाज थांबला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. पूर्वाने सँडलला अजून हात लावला नव्हता.

केतकीच्या हातांना मुंग्या आल्या.

“बाई,” ती कुजबुजली, “याची सवय व्हायला तुम्हाला किती वर्षं लागली?”

झांबरेबाईंनी मांड्यांखालून तळवे काढून तिच्यापुढे धरले. वेताची वीण त्यांच्यावर लालभडक उमटली होती.

“सवय झाली असती, तर हातांवर कशाला बसले असते?”