फुकटच्या दोन प्रोग्रॅमची परीक्षा

एकदा एका गावात विजेची पॅनेल बांधणारे एक वृद्ध मास्तर राहत होते. त्यांचा शिष्य फार संशयी. आमच्या दुकानात आला की सीलबंद डब्यातला स्विचही हलवून, वास घेऊन मगच घ्यायचा. अशा गिऱ्हाइकाचा आम्हा व्यापाऱ्यांना राग येऊ नये. त्यांच्यामुळेच आमचे हात सरळ राहतात.

शिष्याला प्रथमच एका शीतगृहाचे काम स्वतंत्रपणे मिळाले होते. पॅनेलच्या वायरिंगचे ड्रॉइंग कॉम्प्युटरवरचे हवे, आणि पुढे बदल झाले तर तेच उघडून दुरुस्त करता आले पाहिजे, अशी मालकाची अट. पसंत पडले तर त्याच्या बाकीच्या शीतगृहांची कामेही याच्याकडेच येणार होती.

कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा. त्यासाठी आकृत्या काढायचे दोन फुकट प्रोग्रॅम शिष्याने उतरवून घेतले. पहिला देखणा, उघडताच त्याने ईमेल मागितला, मोबाइल नंबर मागितला. दुसरा अगदी साधा, आणि काहीच मागेना. शिष्याचा सगळा संशय या दुसऱ्यावर.

"पहिला निदान तोंडावर मागतो, मास्तर. हा गप्प बसून काय काय नेत असेल?"

दुसऱ्यात काम करताना तो इंटरनेटची वायरच काढून ठेवी.

मास्तरांनी वाद घातला नाही. एकच ड्रॉइंग दोन्हींत काढायला सांगितले. ते पूर्ण होताच पुढे सरकून त्यांनी दोन्ही प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून पुसून टाकले. शिष्याचा चेहरा उतरला. सकाळी पॅनेल सुरू करून ड्रॉइंग मालकाच्या हाती द्यायचे होते.

"फायली जागेवर आहेत," मास्तर म्हणाले. "उघड."

साध्या प्रोग्रॅमची फाइल मशीनवर आधीपासून असलेल्या तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडली. एक रेघ खोडून पुन्हा काढताही आली. देखण्या प्रोग्रॅमची फाइल मात्र कशातच उघडेना.

"संशय घेतोस हे चांगलं," मास्तर म्हणाले, "पण तू देणाऱ्याच्या पोटात शिरायला बघतोस. ते मलाही जमत नाही. मी एवढंच बघतो, की देणारा उद्या नाहीसा झाला तर माझं काम माझ्या हातात राहतं का. हा पहिला आज कॉम्प्युटरवर पुन्हा घालता येईल. पण उद्या त्याच्या कंपनीनं गाशा गुंडाळला, की न उघडणारं ड्रॉइंग घेऊन शीतगृहवाला तुझ्या दारात उभा राहील."

शिष्याने मान डोलावली. पण स्वभाव कुठे जातो? थोड्या वेळाने डोळे बारीक करून तो म्हणाला, "मास्तर, तुम्हीही मला फुकटच शिकवलंत."

मास्तर मनापासून हसले.

"आता योग्य जागी संशय घेतलास. माझीही तीच परीक्षा घे. उद्या शीतगृहावर मी येणार नाही. फोनही बंद ठेवीन."

सकाळी मेन स्विच टाकण्यापूर्वी शिष्याने सवयीने मागे वळून पाहिले. तिथे कोणी नव्हते. त्याने एकवार सगळ्या जोडण्या नजरेखालून घातल्या आणि स्विच टाकला. क्षणभराने कॉम्प्रेसर घुमू लागला.