पाठीला पाठ लावलेली घरं

राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका राजाने आपल्या कारागिरांसाठी जोडघरं बांधायला काढली आणि काम सोपवलं एका म्हाताऱ्या गवंड्यावर.

त्यातल्या एका जोडघरात विणकर आणि कुंभार राहणार होते. विणकराने आधीच बजावलं, "माझा माग रुंद आहे. पडवीत एकही खांब नको."

गवंड्याने डोकं चालवलं. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून बांधली, मधली भिंत एकच ठेवली. त्या भिंतीवरून लांब सागवानी तुळया टाकल्या आणि त्यांची टोकं दोन्हीकडच्या पडव्यांवर पुढे काढली.

"कावडीसारखं आहे बघ," तो म्हणाला. "तुझी पडवी त्याची सावरते, त्याची तुझी."

विणकराने मान डोलावली. मनात मात्र पाल चुकचुकली.

पलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. कुंभाराने माळ्यावर मडकी रचली की इकडे तुळया करकरायच्या. "आपलं ओझं माझ्या घरावर टाकतोय लबाड," विणकर पुटपुटायचा. गवंड्यालाही त्यानेच फितवलं असणार! एकदा कुंभाराने नवा माठ पाठवला, तर या गृहस्थाला त्यातही काळंबेरं दिसलं.

बायको म्हणाली, "अहो, एकदा जाऊन विचारा की त्यांना."

"विचारलं तर सावध होईल तो!"

आता अशा माणसाला कोण समजावणार?

त्याच सुमारास मागावर लेकीच्या लग्नाचा शालू चढला होता. चार महिन्यांची मेहनत, हातभर विणायचा उरलेला. वर जरा आवाज झाला की विणकराचा जीव खालीवर व्हायचा. कुंभाराच्या ओझ्याने छप्पर शालूवर कोसळणार, हे त्याने मनाशी पक्कंच करून टाकलं.

एके दुपारी कुंभार घरच्यांसह माती आणायला गेला. विणकर करवत घेऊन माळ्यावर चढला आणि मधल्या भिंतीवर एकेक तुळई कापू लागला. शेवटची तुळई तुटली तसा तो म्हणाला, "आता त्याचं ओझं त्याच्यापाशी."

बोलणं संपतं न संपतं तोच दोन्ही पडव्या धाडकन खाली आल्या. इकडे माग मोडला, शालूच्या चिंध्या झाल्या. तिकडे कच्च्या मडक्यांचा चुराडा झाला.

कुंभार परतला. कापलेल्या तुळया पाहून सगळं त्याच्या ध्यानात आलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं विणकराला वाटलं.

"दादा," कुंभार म्हणाला, "तुळया करकरायच्या तेव्हा मीही घाबरायचो. गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, लाकूड नवं आहे, वाळताना बोलतं. तुम्ही नुसती हाक मारली असती, तर मी सांगितलं असतं."

विणकर खाली बसून शालूच्या चिंध्या गोळा करू लागला.

गवंड्याने पडव्या पुन्हा उभ्या केल्या, पण आता खांबांवर. रुंद माग तिथे मावेना. विणकर अरुंद मागावर पंचे विणत राहिला आणि त्याची लेक मागून आणलेल्या शालूत सासरी गेली.

बोध एवढाच: मनात शंका आली तर शेजाऱ्याला विचारून मोकळं व्हावं, संशय पोसत बसलं, तर शेजाऱ्याबरोबर आपलंही घर पडतं.