रडत्या रानातली आवडाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते नेमकं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. घाटाला तेव्हा सडक नव्हती एवढं मात्र सगळेच सांगतात. घाटमाथ्यावर पाचांबा नावाचं गाव होतं आणि पायथ्याशी तळकोंड. दोन्ही गावं आजही आहेत. पाचांब्याच्या कड्यावर उभं राहिलं की तळकोंडातल्या चुलींचा धूर दिसायचा. सरळ उतरलं तर अर्ध्या दिवसाची वाट. पण सरळ कोणी उतरत नसे. माणसं डोंगराला वळसा घालून दोन दिवसांनी पोचत, कारण मधलं रान हे रडतं रान होतं.

असं म्हणतात, की त्या रानाच्या तोंडाशीच पांढरी भुतं उभी असायची, हात वर करून. त्यांच्या खालच्या अंगाला एक झाड होतं, त्याला घाव घातला की रक्त यायचं. आणि सगळ्यात खाली, ओढ्याकाठी, एक झाड भर उन्हात रडायचं. आभाळात ढगाचा ठिपका नसताना त्याच्याखाली टपटप आसवं पडायची. ती ज्याच्या अंगावर पडतील त्याच्या घरी रडारड होणार, हे दोन्ही गावांतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

आवडी ही तळकोंडची लेक आणि पाचांब्याची सून. तिची एक खोड होती. कुठलीही वस्तू हाताळून, हुंगून, जमलं तर चाखून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिने सासरच्या कणगीतलं भात दाताखाली चावून पाहिलं आणि ते ओलं आहे म्हणून चारचौघांत सांगून टाकलं. सासू येसूबाई तेव्हापासून तिच्यावर जरा नाराजच होती. भात मात्र खरोखरच ओलं निघालं होतं.

एका वर्षी चैत्र सरता सरता मिठाचे बैल घेऊन एक व्यापारी वर आला आणि त्याने निरोप आणला. आवडीच्या आईला हगवण लागली होती. आठ दिवस झाले, अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि ती सारखी लेकीचं नाव घेत होती. निरोप यायला वळशाच्या वाटेने दोन दिवस गेले होते. आवडीला पोचायला आणखी दोन लागले असते. नवरा बाजाराच्या गावी गेलेला. ती उठून चुलीपाशी सासूकडे गेली.

"आत्याबाई, मी रडत्या रानातून जाते," ती म्हणाली.

येसूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "त्या रानात गेलेलं कुणी परत आल्याचं ऐकलंयस?"

"कुणी गेल्याचंही ऐकलं नाही."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिने भिंतीला अडकवलेला कोयता काढून सुनेच्या हातात दिला, दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधला, आणि म्हणाली, "विहीणबाईंना माझा नमस्कार सांग."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना आवडी रानाच्या तोंडाशी पोचली. अंधुक उजेडात ती भुतं समोरच उभी होती. पांढरीफटक, उंच, अंगावर चिंधी नाही, हात आभाळाकडे. दहा-बारा तरी असतील. आवडी थांबली. परत फिरायचं तर त्यांना पाठ दाखवावी लागणार, आणि तेवढी तिची छाती होईना. शेवटी सासरच्या वडीलधाऱ्यांसमोरून जायचं तसा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वाकून नमस्कार केला आणि खालमानेने चालू लागली. कोणी हाक मारली नाही. कोणी हललं नाही. पहिल्यापाशी आल्यावर तिला राहवेना. पदराआडून तिने हात पुढे केला.

हाताला साल लागली. गार, गुळगुळीत, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येणारी. खडकाच्या भेगांत मुळं रोवून उभी असलेली, उन्हाळ्यात पानं झडून बोडकी झालेली कांडोळाची झाडं होती ती. इतका वेळ आपण झाडांपुढे पदर घेऊन लाजत होतो, हे कळल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

पुढे वाट अशी नव्हतीच. झुडपं तोडत, कोयता चालवत ती उतरत राहिली. एके ठिकाणी आडवी आलेली फांदी तिने छाटली आणि फांदीच्या बुंध्यातून लाल भडक धार निघाली. तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला. आवडीने कोयता टाकला आणि दहा पावलं मागे पळाली. तिथे ती श्वास रोखून उभी राहिली. झाड ओरडेल, निदान कण्हेल, असं तिला वाटत होतं. झाड गप्प होतं. मग तिने आपला हात नाकाशी नेला. रक्ताचा वास तिला ओळखीचा होता, तो इथे नव्हता. तिने जिभेचं टोक लावलं. तोंडाला अशी मिठी बसली की डोळे मिटले. तुरट, कातासारखं तुरट. जवळ जाऊन पाहिलं तर खोडावरच्या जुन्या जखमांवर हाच रस वाळून काळपट लाल खडे झाले होते. बाभळीला डिंक येतो तसा हा बिबळ्याच्या झाडाचा डिंक होता. पोरांना हगवण लागली की बायका डाळिंबाची साल उगाळून देतात, तीही तुरटच, हे तिच्या मनात आलं. मूठभर खडे तिने पदराच्या गाठीत बांधले, कोयता उचलला आणि निघाली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा ओढा लागला. ओढ्यात पाणी नव्हतं. काठच्या झाडीत किड्यांची किरकिर इतकी चढली होती की कान बधिर व्हावेत. आणि तिच्या गालावर गार थेंब पडला. मग हातावर एक. मग मानेवर.

आवडी मटकन खाली बसली. भुतांनी तिला अडवलं नव्हतं, रक्ताने अडवलं नव्हतं, पण या थेंबांनी अडवलं. आई गेली, एवढंच तिला वाटलं. आता धावून काय उपयोग. ती तशीच बसून राहिली आणि झाडाबरोबर रडली.

रडून झाल्यावर तिला राग आला. माझी आई, माझं रडणं, त्यात या झाडाचं काय आहे? तिने कासोटा खोचला आणि ती झाडावर चढली. असं म्हणतात, की ते झाड सात पुरुष उंच होतं आणि ती वाऱ्यासारखी वर गेली. ती स्वतः सांगायची, की झाड बेताचंच होतं आणि गुडघे चांगले सोलवटले. वर गेल्यावर तिला दिसलं. प्रत्येक डहाळीवर बोटाच्या पेराएवढे किडे ओळीने चिकटून बसले होते, तेच किरकिरणारे. सालीत सोंड खुपसून ते झाडाचा रस पीत होते, आणि पिऊन झालं की मागून पाण्याची चिळकांडी सोडत होते. हजारो किडे, हजारो चिळकांड्या. आवडीने पदराने तोंड खसखसा पुसलं आणि ओढ्यापासून तळकोंडापर्यंत ती पळत गेली.

आई जिवंत होती. भाऊ धाकू उशाशी बसला होता. बहिणीचा लाल हात पाहून तो घाबरून उभाच राहिला. आवडीने काही न सांगता पाणी कोमट केलं, त्यात डिंकाचा खडा विरघळवला आणि चमच्याचमच्याने आईला पाजला. वर तांदळाची मीठ घातलेली पेज. तिसऱ्या दिवशी हगवण थांबली आणि आईने डोळे नीट उघडून विचारलं, तू आलीस तरी कुठून. तेव्हा आवडीने सगळं सांगितलं. झाडाची आसवं म्हणजे किड्यांचं मूत आहे हे ऐकल्यावर ती म्हातारी इतकी हसली, की धाकूला तिला धरून बसावं लागलं. असं म्हणतात, की औषधापेक्षा तिला त्या हसण्यानेच बरं वाटलं.

पण गावाने ते लगेच मानलं नाही. तळकोंडात एकजण तर ती आसवं वनदेवीची म्हणून दरवर्षी रानात पाय न ठेवता, ओढ्याच्या अलीकडून, बांबूच्या टोकाला वाटी बांधून गोळा करायचा आणि डोळ्यांना लावायचा. तो आवडीशी जन्मभर बोलला नाही. आवडी पाचांब्याला परतल्यावर तिथेही कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा पहिल्यांदा येसूबाई उठली. साठीची बाई, सुनेचा हात धरून रानात गेली, कांडोळाला हात लावून आली, आणि तिने गावाला सांगितलं, की माझी सून म्हणते ते खरं आहे. त्यानंतर बायका निघाल्या. दोन दिवसांची वाट अर्ध्या दिवसावर आली. ज्या सासुरवाशिणी वर्षातून एकदा माहेर बघत, त्या सणासुदीला जाऊन येऊ लागल्या. कित्येकींना आवडीने स्वतः पोचवलं. आवडीची आवडाई झाली.

जितकी ती खरं सांगायची, तितक्या तिच्या गोष्टी वाढत गेल्या. असं म्हणतात, की पांढरी भुतं तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घ्यायची. असं म्हणतात, की बिबळ्याला ती लेकरासारखी थोपटायची आणि मग तो रक्ताऐवजी दूध द्यायचा. आवडाई हे ऐकून कपाळाला हात लावायची. "अरे, जाऊन हात लावून बघा," म्हणायची. शेवटपर्यंत तिने दुसरं काही शिकवलं नाही.

ती पुष्कळ जगली. एका ज्येष्ठात, घरच्या ओटीवर, सगळी माणसं भोवती असताना शांतपणे गेली. पुढे श्रावणात, दिवेलागणीनंतर, रानाच्या उतारावर हिरवट उजेड दिसला. ज्योत नाही, धूर नाही, नुसता मंद उजेड, जागोजाग पसरलेला. आवडाई दिवा घेऊन फिरते आहे, असं कोणीतरी म्हणालं. पूर्वी अशा वेळी गावाने दारं लावून घेतली असती. त्या संध्याकाळी पाचांब्याच्या बायकांनी डोक्यावर इरली घेतली, कोयते घेतले, आणि भर पावसात त्या बघायला गेल्या. उतारावर पडून कुजलेली लाकडं होती. त्यांच्यावर बुरशी धरली होती आणि ती उजळत होती. हाताला गार, ओली, बुळबुळीत. त्यांनी एक ओंडका उचलून घरी आणला. सकाळी पाहिलं तर साधं कुजकं लाकूड. काळोख पडला की पुन्हा उजेड.

तेव्हापासून आजतागायत, दोन्ही गावांत, श्रावणात हा रिवाज आहे. ज्या घरी नवी सून आली असेल त्या घरासाठी एक बाई रानातून तसलं लाकूड आणते आणि अंधाऱ्या खोलीत ठेवते. सुनेला एकटीला आत पाठवतात. काय आहे ते आधी कोणी सांगत नाही. पोरी घाबरतात, काही रडतातही. बाहेर बायका उंबऱ्याशी बसून राहतात, त्यांना घाई नसते. आतून कधीतरी आवाज येतो, "लाकूड आहे." मग दार उघडतं, सुनेच्या हातावर गूळखोबरं ठेवतात, आणि तिची सासू तिला पाचांब्यात कड्यापाशी, तळकोंडात ओढ्यापाशी नेऊन, बोट दाखवून, माहेरची वाट सांगते.